वापरलेला डीजे मिक्सर घ्यायचाय? आधी गाणं बंद करायला लावा

सांगली-मिरज भागात वापरलेलं डीजेचं सामान घ्यायचं असेल तर अनंत चतुर्दशी होऊन जाऊ द्या. गणपतीच्या तोंडावर प्रत्येक साउंडवाल्याला सामान हवं असतं आणि भाव विकणारा सांगेल तो. विसर्जन उरकलं की हंगामापुरतं घेतलेलं सामान विकायला निघतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईपर्यंत चार ठिकाणी निवांत बघता येतं. मधे एखादं काम आलंच तर सामान भाड्यानं आणा.

आधी ठरवा, कोणता मिक्सर

लॅपटॉप आणि छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हातानं चालवायचं नॉब-बटणांचं यंत्र) असला की वेगळा मिक्सर, म्हणजे दोन-चार ठिकाणची गाणी एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारं यंत्र, लागत नाही, असं बरेच जण सांगतात. घरी वाजवायचं असेल तर खरं आहे. मंगल कार्यालयात किंवा गाडीवर वाजवणार असाल तर ऐकू नका. डीडीजे-४०० किंवा एफएलएक्स-४ सारख्या छोट्या कंट्रोलरला मास्टर आउटपुट, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे जाणारी मुख्य जोडणी, फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) असतं. आरसीए केबल लांबवली की जनरेटरची आणि लाइटच्या डिमरची घरघर ती ओढून घेते. स्टेजपासून ॲम्प्लिफायरच्या रॅकपर्यंत तीस-चाळीस फूट केबल टाकायची तर बॅलन्स्ड आउटपुट, म्हणजे तीन पिनांचं एक्सएलआर, हवंच. शिवाय मिक्सर असला आणि त्याच्या दुसऱ्या चॅनलवर (दुसऱ्या गाण्यासाठीच्या जोडणीवर) मोबाइल जोडून ठेवला असेल तर लॅपटॉप अडकला तरी वरात थांबत नाही.

‘चार चॅनलचाच घे, पुढे उपयोगी पडेल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. वापरलेल्या सामानात चार चॅनल म्हणजे झिजलेल्या भागांची संख्या दुप्पट. तुमच्याकडे आज जोडायला दोनच वस्तू असतील तर दोन चॅनलचा घ्या आणि तेवढ्याच पैशात वरच्या दर्जाचा घ्या. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र गेन (आत येणारा आवाज कमी-जास्त करायचा नॉब), हाय-मिड-लो असे तीन नॉब, लेव्हल दाखवणारं खरं मीटर, माइकला वेगळा नॉब आणि मागे एक्सएलआर, एवढं असलं की काम भागतं. इफेक्ट किती आहेत ते शेवटी बघा.

ऑर्केस्ट्राचा किंवा भाषणाचा लाइव्ह मिक्सर डीजेसाठी घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळाला तरी. एका गाण्याचा बेस झटक्यात पूर्ण काढून दुसऱ्याचा आणायचा असतो, त्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

जुन्या पायोनियर मिक्सरांना आपल्याकडे फार मान आहे, आणि तो रास्त आहे. पण डीजेएम-८०० बाजारात आला २००६ साली. आज हाती येणारा कुठलाही ८०० दहा वर्षांहून जुना असणार, म्हणून त्याचे फेडर (आवाज वाढवायच्या-कमी करायच्या सरकत्या दांड्या) बदललेत का आणि बदलले असतील तर मूळ कंपनीचे टाकलेत की नकली, हे स्पष्ट विचारा.

मागची पट्टी आणि पुराचा गाळ

मिक्सर उलटा करून व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०ची, आपल्याकडे २३०ची. मुंबईमार्गे आलेल्या बाहेरच्या सामानात १०० किंवा १२०चं मशीन निघतं. ते आपल्या सॉकेटला थेट लावलं तर जळतं, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचं म्हणजे गाडीवर आणखी एक बिघडणारी वस्तू वाढली. मी असं मशीन घेत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या नदीकाठची. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपलीकडे गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी गावभागात आणि सांगलीवाडीत शिरलं. त्या पाण्यात किती गोदामं, किती साउंडची दुकानं गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात राहिलेला मिक्सर धुऊन-पुसून वरून नवा दिसतो. पण मागच्या स्क्रूच्या खाचेत बॅटरीचा उजेड मारा: बारीक पिवळसर गाळ बसलेला असतो. आरसीए सॉकेटच्या आतल्या कडेला हिरवट डाग असतात, आणि तळाच्या स्क्रूंपैकी दोन-तीनच गंजलेले, बाकीचे नवे कोरे. शंका आली तर तळाचं झाकण उघडायला सांगा. नको म्हणाला तर उठून चालू लागा. पुरातलं मशीन आज वाजतं, पण बोर्डावरचा गंज आतल्या आत वाढत राहतो आणि पुढच्या हंगामात ऐन मिरवणुकीत एक बाजू गप्प होते. फुकट मिळालं तरी घेऊ नये.

खरी तपासणी

तुम्ही पोहोचलात की विकणारा मोठ्या आवाजात गाणं लावतो. बेस दणकतो आणि तुमचं मन तिथंच बसतं. पहिलं काम म्हणजे ते गाणं बंद करायला लावणं. मिक्सरचे दोष शांततेत ऐकू येतात. याच टप्प्यावर मी बराच काळ चाचपडलो, कारण शिकवणारे सगळे ‘वाजवून बघ’ एवढंच सांगायचे. वाजवून फक्त स्पीकर कळतो.

मिक्सरला वीज आणि तुमचा हेडफोन, बाकी काहीही जोडू नका. सगळे फेडर खाली ठेवा आणि हेडफोनचा आवाज हळूहळू पूर्ण वाढवा. हलकी सळसळ येईल, तेवढी चालते. एकसुरी ‘हंऽऽ’ घुमत असेल तर पॉवर सप्लायमध्ये गडबड आहे, बहुतेक वेळा कपॅसिटर थकलेले असतात. दुरुस्ती होते, पण ती किंमत भावातून वजा झाली पाहिजे. हा हम, म्हणजे ‘हंऽऽ’चा आवाज, लॅपटॉप जोडल्यावरच सुरू होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढताच हम गेला तर दोष अर्थिंगच्या जोडणीचा, मिक्सर निर्दोष आहे. हा फरक न कळल्यामुळे चांगली मशीन सोडून आलेले लोक मला माहीत आहेत.

मग हळू आवाजात एकाच चॅनलला गाणं लावा आणि फेडर मुंगीच्या पावलानं वर न्या, तसाच खाली आणा. खरखर, मधेच तुटणारा आवाज, एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर येणारं गाणं, ही झिजलेल्या फेडरची लक्षणं. फेडर पूर्ण खाली असताना हेडफोन मास्टरवर ठेवून ऐका. तरीही गाणं झिरपत असेल तर तो फेडर गेला. आणि फेडर तेलकट गुळगुळीत लागला, खाचेतून औषधासारखा वास आला, तर सकाळीच कॉन्टॅक्ट क्लीनर मारलेला आहे. साफ करण्यात गैर काही नाही, पण झिजलेला कार्बनचा ट्रॅक स्प्रेनं भरून येत नाही. थोड्या वापरानंतर खरखर परत येते. क्रॉसफेडर (एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर) खराब असेल तर मी फारसा अडून बसत नाही, कारण लग्नात आणि मिरवणुकीत तो बंदच ठेवला जातो. भाव पाडून घ्या आणि पुढे चला. चॅनल फेडरच्या बाबतीत तडजोड नको.

पुढे तेच गाणं दोन्ही चॅनलना, गेन सारखा ठेवून लावा. मीटर सारखेच चढले पाहिजेत. एक बाजू कमी येत असेल तर लाल आणि पांढरी पिन मिक्सरकडच्या टोकाला अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर केबल किंवा प्लेअर दोषी. त्याच बाजूला राहिला तर मिक्सर. या एका अदलाबदलीनं दुकानातले निम्मे वाद मिटतात.

हेडफोनची पिन सॉकेटमध्ये फिरवून बघा, वापरलेल्या मिक्सरमध्ये सगळ्यात आधी तेच सैल होतं. फोनो-लाइनचं (रेकॉर्ड प्लेअर जोडलाय की दुसरं काही, हे निवडायचं) बटण खालीवर करा. यूएसबी असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं का ते तिथंच बघा. जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतीलच असं नाही.

हे सगळं झाल्यावर मशीन चालूच ठेवा आणि चहा मागवा. किमान पाऊण तास. थंड असताना नीट वाजणारं आणि तापल्यावर एक चॅनल गिळणारं मशीन नेहमी भेटतं, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ‘गिऱ्हाईक यायचंय, लवकर ठरवा’ अशी घाई सुरू झाली की मी आणखी अर्धा तास बसतो. मग सगळे फेडर पुन्हा एकदा फिरवा आणि हेडफोन पुन्हा कानाला लावा.

पैसे देण्याआधी

पाच वर्षांहून जुन्या मिक्सरला नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये, हे माझं मत. मिक्सरसोबत गाणी वाजवायचा प्लेअरही घेत असाल तर त्याची प्ले आणि क्यूची बटणं हलकी दाबून बघा. ती आधी जातात.

सीरियल नंबरचा फोटो काढा आणि तो घालून पावती लिहून घ्या, विकणाऱ्याच्या सहीनिशी. मूळ बिल मागा. मिरवणुकीतल्या कारवाईत जप्त होऊन सुपूर्दनाम्यावर (कोर्टाला हमी लिहून देऊन) सोडवलेलं सामान असेल, तर खटला निकाली निघेपर्यंत ते विकायचं नाही अशी अट सहसा असते. म्हणून ‘याच्यावर काही केस आहे का?’ असं तोंडावर विचारा आणि नाही म्हणाला तर तेही पावतीत लिहून घ्या. सोबत मूळ पॉवर केबल मागायला विसरू नका. दुचाकीवरून आणणार असाल तर फेडरवर जाड पुठ्ठा बांधून, नॉबची बाजू वर ठेवून आणा.