नांगरलेल्या रबरी बोटीचा तळ स्वच्छ कसा ठेवायचा

बोट पाण्यात उभी राहिली की पहिल्या दिवसापासूनच तळाला बुळबुळीत साय धरायला लागते. डोळ्यांना दिसत नाही, हात फिरवला की लागते. आठवड्याभरात त्यावर हिरवं शेवाळ येतं आणि त्याच्या आडोशाला बार्नेकल (चुन्याच्या कवचाचे, चिकटून राहणारे समुद्री जीव) बसतात. आधी खसखशीएवढे पांढरे ठिपके, महिन्याभरात करंगळीच्या नखाएवढे टणक, धारदार सुळके. कोकणचं पाणी वर्षभर उबदार असतं, त्यामुळे हे थांबत नाही. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी येतं तेवढाच काय तो खंड, आणि पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारं झालं की जोरात सुरुवात होते.

साय पुसायला १५ मिनिटं लागतात. बार्नेकल काढायला अख्खा दिवस जातो आणि बोटीच्या रबरी कापडाला इजा होते ती वेगळीच. म्हणून लक्ष द्यायचं ते सायीकडे. नुकता बसलेला बार्नेकल फडक्यानेही निघतो. एकदा त्याची चुन्याची चकती तळाशी घट्ट झाली की मग खरवडण्यावाचून उपाय नाही.

एक गैरसमज किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येतो: ‘बोट रोज ओहोटीला कोरडी पडते, तिला काय लागणार?’ ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांकडे बघा. पांढरे झालेले असतात ते याच बार्नेकलांनी. तोंड मिटून ऊन सोसायची त्यांना सवयच आहे. उलट बोट रोज वाळूवर टेकते तेव्हा ट्यूबचा (बोटीच्या कडेच्या हवा भरलेल्या नळ्यांचा) तळ घासला जातो, आणि घासून खरखरीत झालेल्या जागी शेवाळ आणखी लवकर धरतं. बोट कोरडी पडण्याचा उपयोग एवढाच की तेव्हा ती पुसता येते.

आठवड्याची पुसापुशी

ऑक्टोबर ते मे दर ७ दिवसांनी, फार तर १० दिवसांनी. बोट लहान असेल (३ मीटरच्या आतबाहेर) तर सर्वांत सोपं म्हणजे रोजचं काम संपलं की ती वरच ओढून ठेवणं. ते जमत नसेल तर कमरेएवढ्या पाण्यात, खाली वाळू असेल तिथे उभं राहून पुसा. इंजिनची किल्ली काढून खिशात ठेवा. पाऊल उचलून टाकू नका, सरकवत न्या, कारण वाळूत पाकट दबून बसलेली असते. ट्यूबसाठी जुना टॉवेल पुरतो. फायबरचा तळ असेल तर काथ्याचा चोथा चालतो, ट्यूबला मात्र तो लावू नका.

मोठ्या बोटीखाली हात पोचत नाही. तिथे टॉवेलच्या दोन्ही टोकांना दोर बांधून तो बोटीखालून घ्या. दोन्ही बाजूंना एकेक जण उभा राहून, करवत ओढतात तसं आळीपाळीने ओढत पुढून मागे सरका. दोन फेऱ्यांत साय निघते.

हे करताना ट्यूब टणक फुगलेल्या हव्यात. बहुतेक बोटींना ०.२ ते ०.२५ बार दाब सांगितलेला असतो. तुमच्या बोटीवरची पट्टी वाचा. हवा कमी असली की ट्यूबला, विशेषतः मागच्या लाकडी फळीपाशी, बारीक चुण्या पडतात. फडकं चुणीवरून सरकून जातं आणि आतली साय तशीच राहते. बार्नेकलांची पहिली रांग बहुतेक वेळा या चुणीतच सापडते.

बार्नेकल बसलेच असतील तर

उधाणाचे दिवस निवडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सुकती पहाटे-सकाळी येते, पाणी लांब जातं, आणि ऊन चढायच्या आत काम आटोपतं. वाळून गेलेला थर काढणं ओल्यापेक्षा फार जड जातं, म्हणून बोट वर काढल्या काढल्या कामाला लागा आणि अधूनमधून पाणी मारत राहा. इंजिन आणि पेट्रोलची टाकी उतरवा, खाली गोणपाटं पसरा आणि बोट उलटी करा. जाड रबरी हातमोजे आणि पायात बूट हवेतच. बार्नेकलने कापलं की जखम लवकर पिकते.

आता खरवडणं. सुरी, पत्रा, विळी, तारेचा ब्रश यांतलं काही नको. लाकडी उलथणं किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी घ्या. पट्टी जवळजवळ आडवी धरून बार्नेकलच्या मुळाशी बाजूने दाबा, वरून ठोकू नका. नीट जोर लागला की ‘टक्’ आवाज होऊन तो अख्खा सुटतो. डोकं फुटून मूळ राहिलं तर पट्टी फार उभी धरली गेली आहे.

सुटल्यावर पांढरी वर्तुळं उरतात. ही चुन्याची, त्यामुळे आंबटाने विरघळतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व किंवा दुकानातला साधा पांढरा व्हिनेगर फडक्याला लावून ते फडकं डागावर २० ते ३० मिनिटं ठेवा. बुडबुडे येताना दिसतात. मग नायलॉनच्या मऊ ब्रशने घासा आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवा, व्हॉल्व्ह आणि ॲल्युमिनियमच्या भागांवरून तर दोनदा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका: ते धातू खातं, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. थिनर आणि ॲसिटोन पीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) ट्यूबला मऊ, चिकट करतात. प्रेशर वॉशर वापरायचा तर पसरट फवारा, किमान एक फूट अंतर, आणि जोडांच्या शिवणीवर कधीच नाही. जोडावरच्या पट्टीची कड उचलली गेली की पाणी आत शिरत जातं.

काढलेला कचरा गोळा करून जमिनीत पुरा, खाडीत ढकलू नका. मुंबई बंदरातला काळपट्टा शिंपला, मायटिलॉप्सिस, मूळचा अमेरिकेकडचा. असले परके जीव जहाजांच्या तळाला चिकटूनच फिरतात. एका खाडीतली बोट दुसऱ्या खाडीत न्यायच्या आधी साफ करावी, ती यासाठी. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळ आहे. तिथे ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

रंग लावावा का?

बोट महिनोन्‌महिने पाण्यातच राहणार असेल तर लावावा. आठवड्याला वर येणार असेल तर ट्यूबला रंग लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण तो नंतर निघता निघत नाही. लाकडी-फायबर होड्यांचा साधा अँटिफाउलिंग (शेवाळ-बार्नेकल धरू न देणारा) रंग ट्यूबवर टिकत नाही. कापड वाकतं, रंग तडकून पापुद्रे सुटतात. रबरी बोटीसाठी लवचिक रंग वेगळा मिळतो. ट्यूब पूर्ण फुगवा, तळ धुऊन वाळवा, पाण्याच्या रेषेच्या ५ सेंटिमीटर वर चिकटपट्टी लावा आणि पातळ दोन हात द्या. ३.५ मीटरच्या बोटीला दोन हातांसाठी लिटरभर सहसा पुरतो. तळ ॲल्युमिनियमचा असेल तर तांबं असलेला रंग वर्ज्य: खाऱ्या पाण्यात तांब्यामुळे ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. इंजिनच्या पायालाही तोच नियम. इंजिनवरच्या झिंकच्या वड्यांना (इंजिनऐवजी स्वतः झिजणाऱ्या) कोणताच रंग लावू नका, नाहीतर त्यांचं कामच बंद होतं.

जुना डबा कुणी स्वस्तात दिला तर त्यात टीबीटी नाही ना, ते पाहा. शिंपल्यांची वाढ बिघडवणाऱ्या या रसायनावर आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये लागू झाली. आपल्या खाड्यांत माणसं कालवं काढून खातात. तांब्याचा रंगसुद्धा खाडीकाठी घासून धुऊ नये.

लाकडी होडीला चालणारं काजूच्या टरफलांचं तेल, माशाचं तेल, ग्रीस रबरी बोटीला लावू नका. पीव्हीसीला तेलकट पदार्थ सोसत नाहीत. चकाकीसाठी मिळणारा सिलिकॉनचा फवाराही नको. पुढे भोक पडलं तर त्या जागी पॅच चिकटत नाही.

विसरला जाणारा बोया

तळ चकचकीत ठेवतात आणि बोट बांधायचा बोया बार्नेकलांनी भरलेला असतो. वारा पडला की भरतीच्या पाण्यावर बोट बोयाला जाऊन टेकते आणि रात्रभर नाक त्यावर घासत राहते. सकाळी पुढच्या ट्यूबला किसणीने काढल्यासारखे ओरखडे दिसतात. बोया आणि वरचा दोनेक मीटर दोर महिन्याला साफ करा, आणि दोर जिथे ट्यूबवरून जातो तिथे जुन्या पाइपचा तुकडा ओवा.

इंजिन नेहमी पूर्ण वर उचलून ठेवा, पंखा पाण्याबाहेर दिसला पाहिजे. थंड पाणी आत घेणाऱ्या जाळीत बार्नेकल बसले की इंजिन तापतं. दर खेपेनंतर गोड्या पाण्यावर १० मिनिटं चालवा आणि मागून पडणारी पाण्याची धार बघा. बारीक झाली असेल तर आधी जाळी साफ, मग फेरी.

साफसफाई झाल्यावर ट्यूबवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला तिथे पॅच लागेल, भोकाच्या चारी बाजूंना ५ सेंटिमीटर जास्त. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद, हायपॅलॉनला (कृत्रिम रबराच्या कापडाला) निओप्रीनचा. कापड कोणतं हे कळत नसेल तर कोपऱ्यावर सँडपेपर हलकाच फिरवा: हायपॅलॉनची भुकटी पडते, पीव्हीसी नुसतं चमकतं. आपल्याकडची दमट हवा गोंदाची शत्रू. हे काम थंडीत, कोरड्या दुपारी करा आणि २४ तास हवा भरू नका.

पावसाळ्याआधी बोट वर घेताना एकही बार्नेकल राहू देऊ नका. गुंडाळीत दाबला गेलेला एक बार्नेकल दोन घड्यांना भोकं पाडतो. कोरडी करा, घड्यांत टाल्क पावडर टाका आणि शक्य असेल तर अर्धवट फुगवून छपराखाली टांगा. जमिनीवर गुंडाळून ठेवली की उंदीर आत घर करतात.