रोहिणी ते आर्द्रा: पोफळीच्या बागेतला ड्रॅगन खाली उतरतो, आळी उकरायची घाई करू नका

वळवाचे एकदोन सडे पडून गेले की कुळागरात, म्हणजे आपल्या पोफळी-सुपारीच्या बागेत, एकदम घाई सुरू होते, पाडेली (झाडावर चढणारा माणूस) शोधा, मोरचूद आणा, चुना आणा, आळी, म्हणजे बुंध्याभोवतीची खळगी, उकरा, शेणखत टाका, पडलेल्या झावळ्या नि विरी (झावळीच्या बुडाची रुंद सालपटं) गोळा करून पेटवून द्या, आणि हे सगळं मृग लागायच्या आत उरकायचं. मी पण कित्येक वर्षं असंच करत आलो. पण यंदा फावडं मारायच्या आधी हे जरा वाचा, कारण याच दिवसांत आपल्या बागेतला एक जीव अंडी घालायला झाडावरून खाली मातीत येतो, आणि नेमका तेव्हाच आपण बुंध्याशी खणत असतो.

उडता सरडा म्हणतोय मी. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यात ज्यांच्या जुन्या पोफळी आहेत त्यांनी हा बघितलेला असणार, फक्त बघितलाय हे लक्षात आलेलं नसणार. शास्त्रीय नाव ड्रॅको. लॅटिनमध्ये ड्रॅको म्हणजेच ड्रॅगन, लिनियसने 1758 साली हे नाव दिलं. आपल्याकडची जात ड्रॅको द्युसुमिएरी, 1837 साली तिची नोंद झाली, आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात हीच एक उडती जात आहे. म्हणजे गोष्टीतल्या ड्रॅगनचं नाव ज्याला मिळालं तो वीतभर प्राणी आपल्या पोफळीवर राहतो. आग नाही, विष नाही, माणसाला काडीचा त्रास नाही.

ओळखायचा कसा ते सांगतो. शेपटी धरून साधारण 20-22 सेंटीमीटर, रंग अगदी पोफळीच्या जुन्या खोडावर शेवाळ नि पांढरे डाग असतात ना, तसाच. खोडाला चिकटून बसला की दोन हातांवरून दिसत नाही, आणि तुम्ही जवळ गेलात की तो हळूच खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. नराच्या गळ्याखाली पिवळी धमक पताका असते, ती तो बाहेर काढतो, आत घेतो, परत बाहेर काढतो, दुसऱ्या नराला हाकलायला आणि मादीला दिसायला. मादीची पताका लहान नि फिकी. उन्हाच्या वेळी नऊ-दहाच्या सुमाराला बागेत गप्प उभं राहा आणि खोडांवर नजर ठेवा, ही पिवळी उघडझाप दिसली की समजा तुमच्या बागेत वस्ती आहे.

पंख म्हणजे खरे पंख नव्हेत. याच्या बरगड्या लांब होऊन अंगाबाहेर येतात आणि त्यांच्यावर कातडीचा पडदा ताणलेला असतो, एरवी तो अंगाशी मिटलेला. वरून उडी मारली की पडदा उघडतो, जांभळट काळपट कडा दिसतात, आणि तरंगत तरंगत पुढच्या झाडाच्या खोडावर, डोकं वर करून टेकतो. गंमत म्हणजे उडी मारल्यावर तो पुढचे दोन्ही पाय मागे नेऊन पडद्याची कड हाताने धरतो, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे आलं, आणि तो अभ्यास झाला कर्नाटकात आगुंबे परिसरात, याच जातीवर. त्याला वर उडता येत नाही हे लक्षात ठेवा. उंचावरून खाली तरंगायचं, मग परत चढायचं, असाच त्याचा दिवस जातो. आपल्या पोफळी 2.7 मीटर अंतरावर असतात, सरळ उभी खोडं, मध्ये फांद्यांची अडचण नाही, त्यामुळे कुळागर म्हणजे त्याला हायवेच.

खातो काय, तर मुख्यतः मुंग्या. खोडावर एका जागी बसून राहतो आणि रांगेतली मुंगी समोर आली की जिभेने टिपतो. आता आपण मिरीच्या वेलावर नि जायफळावर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, आला की रडतो, पण त्या ढेकणाला राखतात कोण, मुंग्याच, त्याचा गोड चिकट रस खायला मिळतो म्हणून त्या त्याला उचलून कोवळ्या फुटव्यावर नेऊन ठेवतात, मग त्या रसावर काजळी धरते. म्हणून सांगतो, खोडाच्या बुडाला गोल रिंगण करून मुंग्यांची पावडर टाकायची सवय आहे ती सोडा. विषारी मुंगी खाऊन सरडा मेला तर मुंग्यांचा रोजचा गिऱ्हाईक गेला. हुमल्यांचा, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचा, त्रास पाडेल्याला होतो हे मान्य, चढणाऱ्या माणसाचं अंग सोलून काढतात, तर ज्या झाडावर चढायचं आहे तेवढ्याच झाडावरचं घरटं काढा, सरसकट अख्ख्या बागेत विष नको.

आता मुख्य मुद्दा, अंडी. मादी खोडावरून उतरते, मऊ मातीत डोक्याने ढुसण्या देत खड्डा करते, चारेक अंडी घालते आणि माती परत दाबून सपाट करते. मी हे पहिल्यांदा बघितलं ते चुकून. मृग लागून चार दिवस झाले होते, मी तिसऱ्या ओळीतलं आळं उकरत होतो, कुदळीच्या तोंडाला पांढरं काहीतरी लागलं, बघतो तर तीन अंडी चिरडलेली, एक शाबूत, आणि मादी हातभर अंतरावर बुंध्याला चिकटून बसलेली, पळाली पण नाही. त्या दिवशी पुढे काम झालं नाही माझ्याच्याने. तेव्हापासून मी आळ्यांचं वेळापत्रकच बदललं आणि उत्पन्नात मला त्याचा काही फटका बसला नाही, म्हणून सांगायचा हक्क वाटतो.

मी काय करतो ते असं. खणायचं काम असेल तर ते रोहिणीच्या आधी, माती कोरडी नि कडक आहे तोवर आटपायचं, कारण कडक मातीत मादी खड्डा करत नाही, ती पावसाने नरम झालेली जागा शोधते. नाही जमलं तर सरळ सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकला. पोफळीला वर्षाला झाडामागे 100 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 140 ग्रॅम पालाश लागतं, त्यातला मे-जूनचा हप्ता आळं न खणता नुसता बुंध्यापासून हात-दीड हात लांब पसरून वर पाचोळा ओढला तरी चालतो, आणि शेणखतासकट खोल काम पाऊस ओसरल्यावर करायचं. तोवर अंडी फुटून पिल्लं खोडावर गेलेली असतात.

खणताना अंडी निघालीच तर घाबरू नका, पण उलटी करू नका. जी बाजू वर होती तीच वर ठेवायची, सरड्याचं अंडं फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. त्याच खड्ड्यात ठेवा, बोटभर भुसभुशीत माती हलक्या हाताने लोटा, वर विरीचा तुकडा नि बाजूला काठी रोवून खूण करा, म्हणजे दुसरा कोणी तिथे फावडं मारणार नाही. कामाला माणसं येतात त्यांना आधीच दाखवून ठेवा, त्यांना हौस असते, ती जपतात.

पाचोळा जाळू नका हे तर पुन्हा पुन्हा सांगायला हवं. झावळ्या, विरी, केळीची पानं आळ्यात आच्छादन म्हणून राहू द्या, ओल टिकते, माती वाहून जात नाही, आणि अंड्यांवर ऊन येत नाही. फक्त कोळेरोगाने (पावसात सुपारी सडवणारा बुरशीचा रोग) गळलेली सुपारी नि सडलेली शिंपुटं, म्हणजे सुपारीचे घड, मात्र वेचून बागेबाहेर एका खड्ड्यात गाडा, ती बागेत ठेवायची नाहीत, त्यात तडजोड नको.

फवारणीबद्दल. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं औषध, सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, कोळेरोग लागला की अख्खं वर्ष जातं. 1 टक्का बोर्डो, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलटं नाही. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना आणखी लागेल. तयार केलेलं त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी पाऊस धरायच्या आधी, दुसरी 40-45 दिवसांनी उघडीप बघून. सरड्यासाठी यात बदल दोनच. एक, भल्या पहाटे मारू नका. थंड अंगाचा सरडा ऊन लागेपर्यंत सुस्त असतो, त्याला सरकता येत नाही, नऊच्या पुढे तो आपोआप बाजूला होतो, आणि तोवर शिंपुटावरचं दव पण सुकलेलं असतं त्यामुळे औषध चिकटतं सुद्धा चांगलं. दोन, नोझल शिंपुटावर धरा, खोड धुवत खाली येऊ नका, खोडावर गेलेला बोर्डो म्हणजे तुमचेच पैसे वाया. झाडं कमी असतील तर शिंपुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, फवारणीचं काम बरंच कमी होतं.

उंदरासाठी खोडाला गोंदाचे चिकट पट्टे लावतात काही जण, ते कृपा करून काढा, सरडा त्यात अडकला की सुटत नाही, तडफडून मरतो. माडाला पत्रा मारायचा असेल तर ज्या झाडाचं नुकसान होतंय त्यालाच मारा, कारण मातीतून निघालेलं पिल्लू गुळगुळीत पत्र्यावरून चढू शकत नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावा. उडता म्हटलं की लोकांना उडता सोनसर्प आठवतो, मग काठी घेऊन धावतात. तो सापसुद्धा माणसाला धोक्याचा नाही, आणि हा तर सरडा, दोन्ही सोडून द्या. पोरांना गलोल मारू देऊ नका, त्यापेक्षा पिवळी पताका मोजायला लावा, माझा पुतण्या मागच्या वर्षी एका सकाळी अकरा मोजून आला.

श्रावणात गवत वाढलं की ग्रासकटर लावायच्या आधी बुंध्याभोवतीचं हातभर गवत विळ्याने काढा. त्या दिवसांत करंगळीएवढी पिल्लं त्याच गवतातून खोडाकडे चालत असतात.