दोन पोरांची आई झाल्यावर कॉलेजचा फॉर्म भरताय? आधी "पालक" कोण ते ठरवा

शेजारची एक वहिनी परवा विचारत होती, ताई तू पोरं झाल्यावर बीए केलंस तर पैशाचं कसं जमवलंस. दहा मिनिटांत सांगते म्हणून बसले आणि दीड तास गेला, भाजी करपली ते वेगळंच. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

माझं लग्न बारावी झाल्या झाल्या झालं. मिस्टर गवंडीकाम करतात. ३१ व्या वर्षी मी तालुक्याच्या कॉलेजात बीएला रेग्युलर अ‍ॅडमिशन घेतलं, धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा. फॉर्म घेऊन खिडकीवर गेले तर आतले म्हणाले, मॅडम पालकांची सही राहिलीय, उद्या पालकांना घेऊन या. कडेवर पोरगं. मी म्हटलं अहो पालक मीच आहे, हा काय इथे. ते म्हणे, याचे नाही हो, विद्यार्थ्याचे पालक. शेवटी मिस्टर साईटवरून तसेच आले आणि सही केली, फॉर्मच्या कोपऱ्यावर सिमेंटचा अंगठा उमटला तो अजून माझ्याकडच्या झेरॉक्सवर दिसतो.

हसण्यावारी नेऊ नका, कारण सगळी गोची इथेच आहे. शिष्यवृत्तीच्या जवळपास सगळ्या योजना १८ वर्षांच्या पोरापोरींना धरून लिहिल्यात, तो शिकतो आणि घरचे कमावतात असं गृहीत धरून. आपण स्वतः आई किंवा बाप असलो की प्रत्येक रकान्यात प्रश्न पडतो, उत्पन्न कुणाचं लावू, नाव कुठलं टाकू, खातं कुठलं देऊ. या तीन गोष्टी जून उजाडायच्या आत लावून घेतल्यात तर पुढचं काम निम्मं झालं समजा. नाही लावल्या तर अर्ज परत येत राहतो आणि तुम्ही रजा टाकून हेलपाटे मारत राहता.

उत्पन्नाचं आधी सांगते. मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या, शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे की आईवडिलांपैकी कुणी हयात असेल तर त्यांचं उत्पन्न धरायचं, पण लग्न झालेली आणि कमवत नसलेली बाई असेल तर नवऱ्याचं. म्हणजे माहेरच्या शेतीचं उत्पन्न तुमच्या डोक्यावर येत नाही, आणि दिराच्या पगाराचाही संबंध नाही. एससी प्रवर्गाला ही मर्यादा वर्षाला २.५ लाख आहे, त्याच्या वर गेलात तर फ्रीशिप म्हणून फीमाफीची वेगळी योजना आहे, तेव्हा जरा जास्त आहे म्हणून फॉर्मच न भरणं हा वेडेपणा करू नका. पण सगळ्या योजना अशा नसतात हां. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती आहे, डिप्लोमा किंवा डिग्रीच्या टेक्निकल कोर्सला पहिल्या वर्षाला (किंवा थेट दुसऱ्या वर्षाला) आलेल्या मुलींसाठी, वर्षाला ५०,००० रुपये, मर्यादा ८ लाख. तिच्या नियमावलीत लग्न झालेलीसाठी माहेर आणि सासर यातलं ज्याचं उत्पन्न जास्त ते धरायचं असं होतं. म्हणजे एकाच बाईचं उत्पन्न दोन फॉर्मवर दोन वेगळं! त्यामुळे प्रत्येक योजनेत हे वाक्य शोधायचं आणि मगच दाखला काढायचा.

बापांनो, तुमचं अजून गमतीचं आहे. तुम्हाला तीन पोरं असली आणि तुम्ही वेगळी चूल मांडली असली तरी या मॅट्रिकोत्तरच्या नियमात तुमचे वडील हयात असतील तर उत्पन्न त्यांचं विचारतात. आणि तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर तुमचा पगारही हिशोबात येतो.

दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो, तलाठ्याचा अहवाल जोडावा लागतो. आमचं रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर एकत्र होतं, त्यामुळे आमच्या अहवालात आख्ख्या घराचं उत्पन्न आलं आणि तो दाखला बाद करून परत काढायला तीन आठवडे गेले. तुम्ही खरंच वेगळे राहत असाल तर रेशनकार्ड आधी वेगळं करा. आणि एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, फेब्रुवारीत काढून ठेवलात तर जूनमध्ये त्याचा उपयोग नाही, एप्रिल लागल्यावर काढा. त्यावरचा बारकोड नीट छापलाय ना ते तिथेच बघून घ्या, महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) तो नंबर टाकावा लागतो, आणि फिकट झेरॉक्सवरून आठ का तीन ते कळत नाही मग.

आता नाव. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. पोर्टल नाव आधारवरून उचलतं आणि कॉलेज मार्कशीट बघतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नसेल तर आधी ते काढा, त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्रही मागतात. जातीचा दाखला मात्र लग्नानंतरही वडिलांच्या कागदांवरूनच निघतो, नवऱ्याच्या नाही. माहेरी गेलात की वडिलांचा शाळेचा दाखला घेऊनच या, फोनवर सांगून भाऊ पाठवत नाही हा माझा अनुभव.

खात्याचं तर विचारूच नका. पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतात असं वाटतं ना? डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे, आधारशी जे खातं शेवटचं जोडलंय त्यात जातात. माझ्या नणंदेचे पैसे लग्नाआधी उघडलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्यात जमा झाले, पासबुक माहेरी, सिमकार्ड बंद पडलेलं, आणि ही इकडे सहा महिने पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजला शिव्या देतेय. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघायची सोय आहे, दोन मिनिटं लागतात. आधारला लागलेला मोबाईल नंबर स्वतःचा ठेवा, नवऱ्याचा नको. मिस्टर तिसऱ्या मजल्यावर स्लॅबवर आणि ओटीपी त्यांच्या खिशात, इकडे सेतूवाला म्हणतो ताई टाइम संपला.

आता मुद्द्याचं, जे मला स्वतःला मिळालं आणि जे फार कमी जणींना माहीत आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. यात नोंदणी असलेल्या कामगाराच्या दोन पोरांना शिक्षणाची मदत मिळते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण पदवीच्या योजनेत कामगाराच्या पत्नीलाही मदत आहे. पदवीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाला दरवर्षी २०,००० रुपये. इंजिनिअरिंगला ६०,०००, मेडिकलला १ लाख. आमच्या साईटवरच्या चाळीसेक लोकांत एकालाही हे ठाऊक नव्हतं, सगळे मंडळाचा भांड्यांचा संच कधी मिळणार एवढंच विचारायचे.

त्यासाठी नवऱ्याचं कार्ड जिवंत पाहिजे. नोंदणी १८ ते ६० वयात होते, आणि वर्षभरात बांधकामावर ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदार देऊ शकतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा अधिकारी. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात, आमच्याने तर सरळ नाही म्हणून सांगितलं. मग ग्रामसेवकाकडे, वहीत लिहिलेल्या हजेरीसकट गेलो. म्हणून कुठल्या तारखेला कुणाकडे काम केलं ते साध्या वहीत लिहायची सवय लावा, मी कॅलेंडरवर लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारीच. कार्डाचं नूतनीकरण दरवर्षी असतं, ते चुकलं की कार्ड बंद आणि तुमचा अर्जही गेला. बाकी कागद सोपे आहेत: चालू वर्षाची प्रवेशाची पावती, बोनाफाईड, मागच्या वर्षाची मार्कशीट, आधार, रेशनकार्ड. रेशनकार्डवर तुमचं नाव पत्नी म्हणून आहे ना बघा, माझं दोन वर्षं चढवलंच नव्हतं. आणि एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीची फी १ रुपया आहे, कुणी दोन हजार मागत असेल तर तुम्हीच ओळखा.

नवरा बांधकामावर नाही? मग महाडीबीटी. प्रोफाइल भरताना वडील हयात आहेत का, आई हयात आहे का, ते काय करतात असं सगळं विचारतं. पस्तिशीतल्या बाईला जरा विचित्र वाटतं पण खरं तेच भरा. वैवाहिक स्थिती विचारतं तिथे "विवाहित" लिहा, लपवून काही मिळत नाही, उलट उत्पन्नाचा दाखला नवऱ्याच्या नावाचा आणि प्रोफाइलमध्ये अविवाहित असं झालं की अर्ज परत. खुल्या प्रवर्गातल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा ८ लाख. आणि ८ जुलै २०२४ च्या जीआरने व्यावसायिक कोर्सला कॅपमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, आधी हे निम्मं होतं. म्हणजे बीएड करायचं असेल तर सीईटी देऊन कॅपनेच जा, मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर यातलं काही लागू नाही. नर्सिंग डोक्यात असेल तर घाई करा, जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला वयाची अट ३५ आहे.

मॅट्रिकोत्तरमधले दोन खड्डे आईबापांना हमखास लागतात. एक, आधी एक पदवी झाली असेल आणि आता त्याच पातळीची दुसरी करायची असेल, समजा बीएनंतर बीकॉम, तर शिष्यवृत्ती नाही. दुसरं, ७५ टक्के हजेरी. पोरगं तापलं की आपली हजेरी जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलंय की बाळंतपणासाठी रजा आणि हजेरीत सूट याचे नियम करा, ते पत्र छापून नेलं तर प्राचार्य निदान ऐकून तरी घेतात. पीएचडीवाल्या बायकांना तर २४० दिवसांपर्यंतची रजा नियमातच आहे. आणि एका वेळी दोन शिष्यवृत्त्या भरायच्या आधी कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा, मॅट्रिकोत्तर घेणाऱ्याला दुसरी घेता येत नाही.

मध्ये खूप वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात काय लिहू म्हणून बायका लाजतात. "लग्न व घरगुती जबाबदारीमुळे शिक्षण खंडित" एवढं पुरतं. बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्या, मग पुढचं.

फी सुटली तरी घर कसं चालवायचं, हा खरा प्रश्न. एकट्या पालकाने, म्हणजे विधवा, घटस्फोटित, सोडून दिलेली, कुणीही असो, बालसंगोपन योजना बघाच. पोराच्या नावाने महिन्याला २,२५० रुपये येतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज. ते पैसे तुमच्या फीचे नाहीत, पोराचे आहेत, पण त्याच्या वह्या-डब्याचं त्यातून भागलं तर तुमच्या एसटीच्या पासचे पैसे मोकळे होतात. तीन वर्षांच्या पुढचं पोर अंगणवाडीत जातं, माझी लेक्चरं सकाळची होती आणि अंगणवाडी सुटायच्या आत मी एसटीने परत, एखाद्या दिवशी गाडी चुकली की अंगणवाडीतल्या ताई त्याला स्वतःच्या घरी न्यायच्या. अशी एक बाई आधी शोधून ठेवा, फॉर्म नंतर भरा.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की नवीन अर्ज भरू नका, महाडीबीटीवर रिन्यूअल असतं, नवा भरला की दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात. बांधकाम मंडळाचा मात्र दरवर्षी नवा, आणि त्याच्या आधी मिस्टरांच्या कार्डाची तारीख बघायची. मी ती फ्रिजवर चिकटवली होती. या वर्षी तिथे मोठीच्या अकरावीची तारीख आहे, तिचा फॉर्म भरताना पालकाच्या रकान्यात सही मी केली.