दूतावासात अडणारी कामे आणि गावाकडचे कागद : या चुका टाळा

परदेशातील भारतीय दूतावासाच्या खिडकीवर अडलेले काम पुष्कळदा त्याआधीच मेहकर, पुसद किंवा बाळापूर तालुक्यातील एखाद्या गावात, शाळेच्या दाखल्यावर नाहीतर सातबाऱ्यावर अडलेले असते. माणूस दुबईत आणि दुरुस्त करावयाचा कागद तहसीलमध्ये, अशी स्थिती झाली की एका अक्षरासाठी महिने जातात. घरची मंडळी दूतावासाला दोष देत राहतात; तो काही वेळा असतोही, पण पुढील चुका टाळणे आपल्याच हातात आहे.

सुरुवातीचा गोंधळ दूतावास कोणाचा, हा असतो. व्हिसा हा ज्या देशात जायचे त्या देशाचे सरकार किंवा त्याचा दूतावास देतो; त्याने नेमलेले केंद्र फक्त अर्ज स्वीकारते. परदेशातील भारतीय दूतावास आपल्या नागरिकांना पासपोर्ट, दाखले आणि साक्षांकन देतो व संकटात मदत करतो. सौदीतील संपलेला इकामा (तेथे राहण्याचा परवाना) वाढवणे किंवा अमिरातीतील दंड माफ करणे त्याच्या अधिकारात नाही. शिवाय प्रत्येक कार्यालयाची हद्द ठरलेली असते. शारजात राहणाऱ्याचे काम दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येते, अबू धाबीच्या दूतावासाकडे नव्हे, हे न पाहता भेटीची वेळ घेतली तर सुट्टीचा एक दिवस वाया जातो.

नाव, वडिलांचे नाव आणि १ जून

आपल्याकडे वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘नामदेव’, आधारवर ‘नामदेवराव’ आणि रेशनकार्डावर ‘नामदेवजी’ असते. आडनाव एका कागदावर ‘वानखडे’ तर दुसऱ्यावर ‘वानखेडे’. गावाला हा एकच माणूस असल्याचे ठाऊक असते, पण पासपोर्टच्या यंत्रणेला ही वेगवेगळी माणसे वाटतात. जन्मतारखेचेही तसेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले आणि आधार काढताना घरच्यांनी आठवेल ती तारीख सांगितली, की दोन्ही कागद सरकारी असूनही एकमेकांना खोटे ठरवतात. म्हणून नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे पहिला अर्ज करण्यापूर्वीच कोणता कागद आधारभूत धरायचा हे ठरवावे, बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत आणि मगच पुढे जावे. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, त्यांच्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो.

अर्जात नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे आहेत, याकडेही दुर्लक्ष होते. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन व भेटीच्या व्हिसासाठी पासपोर्टवर एकच शब्द नाव म्हणून असलेल्या प्रवाशांवर निर्बंध आणले, त्यामुळे आडनावाचा रकाना कोरा सोडणे महागात पडते. लग्नानंतर आधारवरील नाव बदललेल्या स्त्रियांनी पासपोर्ट माहेरच्या नावाचा असल्यास तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टवरील नावानेच काढावेत.

शेतीचे मुखत्यारपत्र

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. परदेशातील भाऊ वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी गावातील भावाला मुखत्यारपत्र पाठवतो आणि घाईत सही खोलीवरच करून कागद दूतावासात नेतो. ही सही तेथील अधिकाऱ्यासमोरच करावयाची असते. आधीच सही केलेला कागद परत मिळतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार परदेशात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूत किंवा तेथील नोटरी यांसारख्या कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असले तरच त्याच्या आधारे दस्त नोंदवता येतो, त्यामुळे मोबाइलवर पाठवलेल्या फोटोचा दुय्यम निबंधकांसमोर काहीही उपयोग होत नाही. मजकुरात ‘माझी सर्व शेती’ असे मोघम लिहिण्यापेक्षा गाव, तालुका, गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसेच उतरवावे.

याहून कमी माहीत असलेली बाब मुद्रांक शुल्काची आहे. राज्याबाहेर झालेला दस्त महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर शुल्क भरावे लागते. ‘सोयाबीन निघू द्या, मग पाहू’ म्हणून पाकीट कपाटात पडून राहते आणि मुदत निघून जाते. कुरिअरचे पाकीट तारखेसह जपून ठेवावे, कारण कागद कधी आला याचा तोच पुरावा असतो.

नोकरीसाठी जाताना

दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. दहावी झालेली असूनही प्रमाणपत्र न जोडल्यामुळे पासपोर्टवर मंजुरी आवश्यक असल्याचा शेरा बसलेले अनेक जण या फेऱ्यात विनाकारण अडकतात. मंजुरी टाळण्यासाठी एजंट भेटीच्या व्हिसावर पाठवतो, तेव्हा करार नसतो आणि १० लाख रुपयांचे संरक्षण देणारी प्रवासी भारतीय विमा योजनाही नसते. पगार थकला तर दूतावासाला दाखवायला काहीच राहत नाही. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाखाच्या वर मागणाऱ्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आधी तपासावा.

पासपोर्ट हरवला किंवा माणूस अडकला

पासपोर्ट हरवल्यास आधी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवावी, मग दूतावासात जावे. घाबरून आपत्कालीन प्रमाणपत्र घेऊ नये, कारण ते केवळ भारतात परतण्यापुरते असते. नोकरी टिकवायची असेल तर नव्या पासपोर्टचाच अर्ज करावा लागतो. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला असल्यास तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, हे लक्षात ठेवून लेखी तक्रार द्यावी. अटक झाल्यास आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी तेथील पोलिसांकडे स्वतः करावी. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिलेला आहे, पण मागितल्याशिवाय तो मिळेलच असे नाही.

परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण करताना काही अर्जांत गावच्या पत्त्याची पोलीस पडताळणी होते. हवालदार दारात आल्यावर म्हातारी आई सरळपणे ‘तो तं दुबईले रायते’ एवढेच सांगते आणि तो पत्त्यावर आढळला नाही असा अहवाल जातो. घरच्यांना आणि पोलीस पाटलांना अर्जाची पूर्वकल्पना द्यावी, कायमचा पत्ता हाच असल्याचे सांगावयास सुचवावे आणि अर्जाची प्रत घरी ठेवावी. परदेशात मूल जन्मले असेल तर दूतावासात त्याची नोंद १ वर्षाच्या आत करावी. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.

मदतीसाठी २०१५ पासून मदद हे परराष्ट्र मंत्रालयाचे तक्रार संकेतस्थळ आहे आणि गावातूनही तेथे तक्रार नोंदवता येते. आमदारांच्या शिफारसपत्रापेक्षा तेथे पासपोर्टची झेरॉक्स, मालकाचे नाव व पत्ता, कराराची प्रत आणि कामगाराचा चालू मोबाइल क्रमांक अधिक उपयोगी पडतो, म्हणून हे कागद माणूस विमानात बसण्यापूर्वीच घरच्या फाइलीत लावून घ्यावेत.