नवी वेबसाइट चालू झाली आणि जुन्या लिंका मेल्या

आमच्या सांगलीतल्या कॉलेजची नवी वेबसाइट सोमवारी चालू केली. पेढेही वाटले. मंगळवारी सकाळीच ऑफिसातले क्लार्क भाऊ दारात. "काय ओ सर, परीक्षा फॉर्मचं पान कुठं गेलं? जतची पोरं सकाळपासनं फोन करायला लागल्यात."

पान होतं, पत्ता बदलला होता. पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनीच लिंक फिरत होती आणि ती उघडली की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. मी घाईत सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले. तो शुद्ध आळस होता. फॉर्म शोधणाऱ्याला प्राचार्यांचा फोटो दाखवून काय उपयोग? मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी कुठला पत्ता मागितला त्याची नोंद, काढला, ४०४ आलेले पत्ते वेगळे केले आणि एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेकाला ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) लावून त्याच्या नेमक्या नव्या पानाशी जोडलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात दिलेल्या लिंकाही तुटल्या होत्या. खरं तर त्या आधी बघायला हव्या होत्या.

दुसरी भानगड सूचनांची. जुन्या सूचना युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेल्या. त्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे नव्या पानात पेस्ट केलं की नुसती गिचमीड. कन्व्हर्टरने काम झालं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनीच तपासाव्या लागल्या.

स्नेहसंमेलनाचे फोटो पाच-पाच एमबीचे होते, ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात बदलून हलके केले.

आता दर शनिवारी लॉग बघतो. गेल्या आठवड्यात साइटवर 'बसपास' शोधून बरेच जण रिकाम्या हाताने गेले. ते पान अजून लिहायचंय.