बीटाचं हमस घरच्या मिक्सरवर कसं करायचं

हमस म्हणजे अरबीत चणाच. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन तिकडचं हे रोजचं खाणं, त्यात मुख्य दोनच गोष्टी, छोले आणि ताहिनी म्हणजे तिळाचं वाटण. मूळ हमसमध्ये भाजी नसते, पण तिकडे बीट आणि ताहिनी एकत्र वाटून मुतब्बल करतात, म्हणजे ही जोडी काही परकी नाही. बीटाचं हमस फसतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, बीट पाण्यात उकडून तसंच मिक्सरमध्ये टाकलं की सगळं पचपचीत होतं, म्हणून मी आधी ते पाणीच घालवते.

रात्री 1 वाटी छोले भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या, नवीन पाणी आणि पाव चमचा खायचा सोडा घालून कुकरला मंद आचेवर 6-7 शिट्ट्या. सोड्याने सालं अगदी मऊ पडतात. भाजीला शिजवतो त्याहून जास्त शिजायला हवेत, चिमटीत धरला की दाण्याचा लगदा झाला पाहिजे, नाहीतर हमस रवाळ लागतं मग कितीही वाटा. त्याच कुकरमध्ये वरच्या डब्यात 1 मध्यम बीट सालासकट, पाणी न घालता, झाकण लावून ठेवा. नंतर सोलून किसा आणि तव्यावर तेल न घालता 5-6 मिनिटं परता, ओल गेली पाहिजे.

ताहिनीला अर्धी वाटी पॉलिशचे तीळ घ्या. संक्रांतीच्या लाडवाला भाजतो तेवढे खमंग भाजू नका, कडवटपणा येतो, नुसते तडतडायला लागले की उतरवायचे. गार झाले की चटणीच्या भांड्यात 2 चमचे तेल घालून थांबत थांबत, कडा खरवडत वाटा, वाहती पेस्ट होईपर्यंत. वेळ लागतो, पण विकतच्या बाटलीपेक्षा ही ताजी ताहिनी मला कितीतरी जास्त आवडते.

तोवर 2 लसूण पाकळ्या ठेचून एका मोठ्या लिंबाच्या रसात मीठ घालून 10 मिनिटं ठेवा, लसणीचा उग्रपणा उतरतो.

आता हा रस ताहिनीत घालून फिरवा. ती एकदम घट्ट गोळा होईल, होऊ दे, घाबरायचं नाही, बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहिलं की ती फिकट, फुगीर, क्रीमसारखी होते. मगच निथळलेले छोले, बीट आणि अर्धा चमचा जिरेपूड घाला. छोले कोमट हवेत, कढत घातले तर वाफेने मिक्सरचं झाकण उडतं. चांगली 3-4 मिनिटं वाटा, मधेमधे मिक्सरला विश्रांती द्या. फ्रीजमध्ये ते आणखी आळतं, म्हणून थोडं सैलच ठेवा. बीट गोड असतं, शेवटी चव बघून अजून लिंबू पिळा, बहुतेक लागतंच.

बीटाऐवजी लाल भोपळा किंवा गाजरही अशीच परतून घालता येतात. लाल ढोबळी मिरची मात्र गॅसवर काळी होईपर्यंत भाजा, झाकून ठेवा, मग सोला, पण पाण्याखाली धुवू नका, भाजल्याची चव वाहून जाते.

वाढताना चमच्याने खळगा करून ऑलिव्ह ऑइल सोडा. काकडी, पिटा ब्रेड किंवा कडक ज्वारीची भाकरी, कशाबरोबरही छान लागतं. बंद डब्यात, फ्रीजमध्ये 3 दिवस आरामात टिकतं.