मेळ्यात मिनिएचर मांडताय? या चुका टाळा

साताऱ्यात दिवाळीचे किल्ले बांधत वाढलेल्या माणसाला इवल्याशा फिगरचं वेड वेगळं लावावं लागत नाही. बुरुजावर मातीची चित्रं मांडता मांडताच आमच्या मंडळातले बहुतेक जण रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या मावळ्यांपर्यंत आले. पण मॉडेलच्या मेळ्यात पहिल्यांदा टेबल घेतलं, तेव्हा कळलं की फिगर रंगवणं वेगळं आणि ती परक्याला दिसेल अशी मांडणं वेगळं. आपण ती भिंगाखाली, वीतभर अंतरावरून रंगवतो. बघणारा उभ्यानं, वरून, दोन हातांवरून बघतो. बहुतेक चुका या फरकाचा विचार न केल्यामुळे होतात.

उंची आणि उजेड

मंडपवाल्याचं टेबल साधारण अडीच फूट उंच. त्यावर 54 मिलिमीटरचा मावळा ठेवला की मोठ्या माणसाला नुसता पगडीचा माथा दिसतो. आमच्या एका पट्टेकऱ्याच्या मिशीवर आणि बुबुळांवर दोन रविवार गेले होते. सकाळभर कुणी त्याच्यापाशी थांबेना. दुपारी पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचून त्याला छातीच्या उंचीवर आणला. लगेच लोक वाकून तोंड बघू लागले, पट्टा कसा धरतात ते विचारू लागले. तेव्हापासून आम्ही पायऱ्यांचा स्टँडच नेतो. खालची पायरी मात्र मुलांसाठी राखतो, त्यांचे डोळे तिथंच येतात.

छताच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. उजेड डोक्यावरून पडला की पगडीची सावली चेहऱ्यावर येते. समोरून, जरा बाजूनं एक टेबललॅम्प लावा. बल्ब पांढरा घ्या. पिवळ्या उजेडात निळा अंगरखा मळकट दिसतो. खाली झालरीचं चकचकीत कापड नको, साधं राखाडी अंथरा.

भलत्याच मुलखाचा बेस

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. बाहेरच्या किटचे नमुने बघून बेसला, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या जमिनीला, वाळवंटी पिवळा रंग दिला जातो आणि त्यावर प्रतापगडचा मावळा उभा राहतो. आपला दगड काळा बेसॉल्ट, महाबळेश्वर-कासच्या पठारावर तांबडा जांभा. प्रतापगडची लढाई 10 नोव्हेंबर 1659 ची, मार्गशीर्षातली. म्हणजे पाऊस सरलेला, गवत शेंड्याकडून पिवळं पडू लागलेलं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरची चिमूटभर माती चहाच्या गाळणीनं चाळून, पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरा. विकतच्या कुठल्याही पावडरीला तो पोत येत नाही.

सगळ्यांना एकाच भगव्या रंगाचे कपडे घालू नका. मावळ्यांना आजच्यासारखा गणवेश नव्हता. धुवट पांढरा, मातकट, फिका तांबडा असे रंग मिसळा, म्हणजे तुकडी जिवंत वाटते. हत्याराचं मापही तपासा. 54 मिलिमीटरची फिगर म्हणजे साधारण 1:32 स्केल, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याची. त्यात तीन फुटी पातं 28-29 मिलिमीटर भरतं. साताऱ्यात शस्त्रं जवळून पाहिलेले लोक पुष्कळ, चुकलेलं माप त्यांच्या नजरेला लगेच टोचतं.

पाटीवर प्रसंग, साल आणि स्केल मराठीत, ठळक लिहा. 1:72 आणि 1:32 शेजारी शेजारी ठेवू नका. 23 मिलिमीटरचा सैनिक 54 च्या पुढ्यात लहान पोर वाटतो.

बिघडलंच तर

रंगावर मारलेल्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या वार्निशवर पांढरट साय आली असेल, तर स्प्रे दमट हवेत मारला गेलाय. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. फिगर टाकून देऊ नका. कोरड्या दिवशी ग्लॉस, म्हणजे चमकदार वार्निशचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग पुन्हा मॅट मारा. बहुतेक वेळा रंग परत येतो.

काचेच्या पेटीत आतून धुरकट थर दिसला, तर सुपरग्लू ओला असतानाच पेटी बंद केलीय. चिकटवलेली फिगर एक दिवस उघड्यावर राहू द्या.

वाकलेली रेझिनची तलवार अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. प्लॅस्टिकचा भाला मोडला तर चिकटवत बसू नका, तिथं पितळी तार बसवा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या फिगर दुपारी बंद गाडीत ठेवू नका. त्यातलं पीएलए नावाचं प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं.

ने-आण करताना बेसखाली चुंबक लावून डब्यात उभ्या नेणं सगळ्यात सुरक्षित. पण घरातला स्टीलचा डबा आधी तपासा, कारण बऱ्याच स्टीलला चुंबक धरतच नाही. आमचे चार घोडेस्वार अशाच डब्यातून निघाले आणि पुण्याला पोचेपर्यंत एकमेकांवर आपटून दोघांचे लगाम तुटले. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चांगला. डबा उलटा धरून हलवून बघा. एकही फिगर सुटली नाही, तरच गाडीत ठेवा.